नीलमणीचा वेल आणि जयंतीचा रंग

आमच्या घरात फुलझाड विकत आणायची पद्धत नव्हती. कुणाच्या दारातून फांदी मागून आणायची, न्हाणीच्या पाण्याजवळ खोचायची, जगली तर जगली. जास्वंद अशीच आली. मोगरा असाच आला आणि एका उन्हाळ्यात वाळून गेला. म्हणून मी हॉस्टेलवरून फोन करून एक वेल विकत आणायचा विचार आहे असं सांगितलं, तेव्हा आईनं पहिल्यांदा एवढंच विचारलं, "इकत कामून आणायलीस?"

खरं तर वेलाची गोष्ट तिनंच काढली होती.

आमचं घर राजेश्वरला, बसस्टँडपासून थोडं आत. एप्रिलातली भीमजयंती हा आमच्या घरचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. विहारापासून मिरवणूक निघते ती आमच्या दारावरून जाते. गल्लीभर निळ्या पताका, निळे झेंडे, पोरांच्या डोक्याला निळे फेटे. घरातल्या दोन फोटोंना मात्र झेंडूचा पिवळा हार, कारण बाजारात निळं फूल मिळत नाही. आईला ते खटकायचं. तिनं गोकर्ण लावून पाहिला. गोकर्णाचं फूल सकाळी तोडलं की दुपारी मिटतं, आणि हारात ओवलं तर मिरवणूक दारात येईपर्यंत त्याची वाळलेली मिरची होते. मग ती कागदाची निळी फुलं आणायची. पण कागदाचं फूल फोटोला घालताना तिचा हात जरा थांबायचा, हे मी लहानपणापासून बघितलेलं आहे.

कडगंचीला विद्यापीठात आल्यावर माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या मोबाईलवर मी एक चित्र बघितलं. लाकडी मांडवावरून द्राक्षाच्या घडांसारखे निळसर फुलांचे घोस खाली लोंबत होते. मैत्रिणीलाही नाव माहीत नव्हतं. शोधल्यावर कळलं, विस्टेरिया. मी ते चित्र आईला पाठवलं. आईला लिहिता येत नाही, ती बोलून पाठवते. तिचा आवाज आला, "हे निळं हाय. आपल्याकडं येतंय का बघ."

घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांना वाटतं की जे काही माहीत नाही ते मला विचारलं की कळेल. बऱ्याच वेळा मलाही माहीत नसतं. पण नाही म्हणायचं जिवावर येतं, म्हणून मी शोधत बसते. पर्यावरणाचा विषय शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांना विचारायला दोन आठवडे माझी हिंमत झाली नाही. अभ्यासाबाहेरचं विचारलं तर काय म्हणतील असं वाटायचं. शेवटी तास संपल्यावर विचारलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की विस्टेरियाला हिवाळ्यात खरी थंडी लागते. थंडी मिळाली नाही तर कळ्याच धरत नाहीत. आपल्या उन्हात तो नुसता पानं काढत राहील, आणि बी लावलं असेल तर आधी कितीतरी वर्षं वाट बघावी लागेल. "तुम्हाला तसंच दिसणारं हवं असेल तर पेट्रिया बघा," त्या म्हणाल्या. "उन्हाचा आहे. उन्हाळ्याच्या तोंडालाच फुलतो."

कलबुर्गीच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. तिथं दोन्ही होते. एका पिशवीवर इंग्रजीत विस्टेरिया लिहिलेलं, दुसरी पेट्रियाची, तिच्यावर कन्नडमध्ये काहीतरी, आणि माळी त्याला नीलमणी म्हणाला. विस्टेरियाच्या पिशवीकडं बोट दाखवून मी विचारलं, "हा इथं कधी फुललाय का?"

"फुलतंय की," माळी म्हणाला. "ऊटीला."

नीलमणीची रोपं बरीच होती. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी बियांचं नको, गुटी कलमाचं द्या म्हटलं. गुटी म्हणजे फुललेल्या जुन्या वेलाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप. ते लवकर फुलतं. त्यानं दिलेल्या रोपाची पानं मी हातानं चाचपली. सुतार घासायला घेतात त्या पॉलिश पेपरासारखी खरखरीत होती. दिसायला काही खास नव्हतं. विस्टेरियाची कोवळी पिसासारखी पानं बाजूला होती, ती जास्त छान दिसत होती. मी एकदा तिकडं बघितलं, एकदा इकडं, आणि खरखरीत पान घेतलं.

कलबुर्गी, हुमनाबाद, राजेश्वर असं बस बदलत आले. रोप मांडीवर. आमच्याकडं बायकांना बसमध्ये पैसे लागत नाहीत, शून्याचं तिकीट फाडून देतात. हुमनाबादच्या बसमधला कंडक्टर रोपाकडं बघून म्हणाला, "हे बाई हाय का गडी? गडी असंल तर तिकीट लागतंय."

शेजारी बसलेल्या म्हातारीनं लगेच उत्तर दिलं, "आरं, कडंला धरून वर चढायलंय, बाईच असंल की. गडी कुठं कुणाला धरून ऱ्हायलाय."

कंडक्टरनं गुमान माझं एक तिकीट फाडलं.

अडचण घरी होती. माझे वडील, अप्पा, गवंडी आहेत. घर त्यांनी स्वतः बांधलं, दुसऱ्यांची कामं संपवून उरलेल्या वेळात. रस्त्याकडची भिंत तर त्यांनी अशी घोटून काढली आहे की हात फिरवला तर कुठं अडकत नाही. आईला वेल लावायचा होता तो त्याच भिंतीच्या कोपऱ्यात. अप्पांच्या मते भिंतीवर झाड म्हणजे भिंतीला रोग. ओल धरते, मुंग्या येतात, पाली येतात. तरी ते तोंडानं नको म्हणाले नाहीत. आमची माती काळी, पावसाळ्यात पाणी धरून बसते. म्हणून त्यांनी खड्डा खोल घेतला, तळाला विटांचे तुकडे टाकले, वर लाल मुरूम आणि मग माती. वेलाला चढायला तार लागणार होती. खिळे मारताना ते म्हणाले, "माज्याच हातानं माज्या गिलाव्याला भोकं पाडायला लावलीस पोरी."

पहिल्या वर्षी वेलानं काहीच केलं नाही. जागेवर उभा. आई रोज तांदळाचं धुतलेलं पाणी घालायची. शेजारच्या अक्का कंपाउंडच्या भिंतीवरून वाकून बघायच्या. त्यांचं शेतकऱ्याचं जुनं घर, कंपाउंडला लागून म्हशींचा गोठा, पत्र्याचा उतार त्यांच्या बाजूला. एकदा म्हणाल्या, "काय ओ, झाड लावलाव का कपडे वाळवायची दोरी बांधलाव?"

"दोरीच हाय," आई म्हणाली. "तुमच्या साड्या आणा वाळवायला."

दुसऱ्या पावसाळ्यात तो एकदम सुटला. तारेवरून वर, आडवा, आणि एक फाटा बुडापासूनच कंपाउंड ओलांडून अक्कांच्या गोठ्याच्या पत्र्यावर. आईला वाटलं, आता एप्रिलात फुलणार. मी पण तसंच सांगितलं होतं.

इथं आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं त्यातच अडकलं. जयंतीच्या आधी घराला रंग द्यायचा. सगळेच देतात. पण गवंड्याच्या घराचा रंग लोक जास्त निरखून बघतात, म्हणून अप्पा लवकर सुरू करतात. शिमग्याच्या आसपास भिंत मोकळी करून, घासून, दोन हात मारायचे. भिंत मोकळी करायची म्हणजे वेल उतरवायचा. पण तारेत गुंतलेला वेल उतरत नाही. मग अप्पांनी तो कोयत्यानं कंबरेइतका कापला, फांद्या ओढून काढल्या, भिंत पांढरी केली, वर निळा पट्टा मारला. पत्र्यावर गेलेला फाटा तेवढा राहिला. तो ओढून निघेना, आणि लोकांच्या गोठ्यावर चढून कापणं अप्पांना बरं वाटलं नाही.

एप्रिल आला, फूल आलं नाही. आईनं कागदाची फुलं आणली.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पावसाळ्यात वेल भिंतभर, शिमग्याला कोयता, एप्रिलात काही नाही. मी हॉस्टेलवरून सांगत राहिले की वेलाला वय लागतं, खत घाल, थोडी वाट बघ. आई शेणखत घालत राहिली. दिवसभर लोकांच्या शेतात तूर कापून आल्यावर ती हात धुवायच्या आधी त्या कोपऱ्याकडं जायची. तिनं माझ्याजवळ कधी तक्रार केली नाही. तिनं तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतरच्या दिवाळीत अप्पांनी विषय काढला. वरच्या स्लॅबवर जायला बाहेरून जिना काढायचा होता आणि त्यांच्या हिशोबानं जिन्याची जागा तोच कोपरा होता. "आणि एक जयंती बघू," ते म्हणाले. "फुलला तर बरं. न्हाई तर तिथं जिना."

आई भाकरी थापत होती. ती फक्त "व्हय" म्हणाली.

त्या वर्षी अप्पांना भालकीला एक मोठं काम लागलं. आठवडा आठवडा ते तिकडंच राहायचे. शिमगा झाला तरी घराचा रंग राहिला. मी पाडव्याच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा रंगाचे डबे येऊन पडले होते आणि अप्पा रविवारी सुरू करणार होते.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या अक्का कंपाउंडपाशी आल्या. हातात स्टीलचं ताट, ताटात निळसर फुलांचे लांब तुरे.

"तुमचा येल आमच्या पत्र्यावर फुललाय," त्या म्हणाल्या. "चार दिस झाले, देवाला घालायले. मग म्हणलं सांगावं. न्हाई तर चोरी केली म्हणाल."

आईनं ताट हातात घेतलं. एक तुरा उचलून बघितला. मग म्हणाली, "तुमच्या पत्र्यावर फुललं म्हणजे तुमचंच की."

"पाणी कुणी घातलं? तांदळाचं पाणी तीन वर्षं माज्यासमोर घालायलाव. या, बघा तरी."

आई त्यांच्या दारातून आत गेली. इतकी वर्षं शेजार, पण त्यांच्या गोठ्यापर्यंत ती पहिल्यांदाच गेली. मी तिच्या मागं. गोठ्याचा अर्धा पत्रा झाकला होता. प्रत्येक तुऱ्यावर फिक्या निळ्या, पाच पाकळ्यांच्या चांदण्या, आणि काहींच्या मधोमध गडद जांभळं छोटं फूल. गडद फुलं गळून म्हशीच्या पाठीवर पडली होती. चांदण्या तशाच फांदीवर होत्या.

आई म्हणाली, "एकाच येलाची दोन पोरं. हिकडलं असं, तिकडलं तसं कामून?"

मला लगेच कळलं नाही. मी स्टूल आणलं, पत्र्यावरचा फाटा हातात धरून बघितला. तो जाड होता, त्याची साल मातकट झालेली, त्याला कोयता कधी लागलाच नव्हता. मग आमच्या भिंतीवर बघितलं. भिंतीवरच्या फांद्या त्याच वर्षीच्या, पण या खेपेला अजून कापलेल्या नव्हत्या. भिंतीवर दुपारपर्यंत दारातल्या कडुलिंबाची सावली असते, पत्र्यावर दिवसभर ऊन. भिंतीवरच्या फांद्यांच्या टोकांना बोटाएवढ्या करड्या शेपट्या लोंबत होत्या. मी त्यातली एक नखानं उघडली. आत मोहरीएवढ्या कळ्या होत्या.

तरी मला खात्री नव्हती. मी फोटो काढून मॅडमना पाठवला आणि विचारलं की आम्ही शिमग्याला कापतो, ते चुकतं का. त्यांचं उत्तर दुपारी आलं. पावसाळ्यात वाढलेल्या फांदीवर उन्हाळ्याच्या तोंडी फुलं येतात, फुलायच्या आधी कापलं की त्या वर्षीची सगळी फुलं गेली, छाटणी फुलून झाल्यावर करायची. म्हणजे आम्ही दर वर्षी जयंतीसाठी भिंत सजवताना जयंतीची फुलंच कापत होतो.

मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुज्या अप्पाला मी सांगते. तू नको बोलू."

संध्याकाळी अप्पा भालकीहून आले. जेवायला बसल्यावर आई म्हणाली, "ऐकायलाव का, औंदा तेवढा कोपरा सोडून रंग द्या."

"कोपरा सोडून?" अप्पांनी घास खाली ठेवला. "मिरवणूक दारातून जाती. सगळ्या गावाचे गिलावे मी करायलो, आन् माज्याच भितीला ठिगळ?"

"ठिगळ कसं, फुलं हायेत."

"कुठं हायेत? मी आत्ताच बघितलो. उंदराच्या शेपट्या हायेत."

"फुलतील. पोरगी इचारून सांगायलीय."

"तीन वर्षं इचारूनच सांगायलीय ती."

 ते खोटं नव्हतं.

आईनं त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं आणि सावकाश म्हणाली, "आधी तुम्हीच म्हणलाव, फुलला तर बरं. फुलायच्या आधी कापलं तर तो फुलणार कसा? जयंतीपर्यंत ऱ्हाऊ द्या. न्हाई फुलला तर जयंतीच्या दुसऱ्या दिशी मीच मुळासकट उपटून देते. जिन्याचा पहिला दगड बी मीच उचलून आणते."

अप्पांनी खाली ठेवलेला घास उचलला. मला मात्र त्या रात्री तिचा राग आला. मॅडमनी फुलतो असं सांगितलं होतं, जयंतीपर्यंत फुलतोच असं नाही. तारखेची हमी कुणीच दिली नव्हती. आणि भिंतीवर सावली होती.

रविवारी अप्पांनी रंग सुरू केला. कोपऱ्यापाशी आल्यावर थांबले. घरातून ओळंबा आणला, लाइनदोरी आणली. वेलाच्या बाहेरच्या फांदीपासून वीतभर सोडून त्यांनी ओळंब्यानं सरळ उभी रेघ मारली, वरून आडवी मारली, आणि रेघेपर्यंत रंग दिला. कड अशी धारदार की आत पट्टी लावून दिल्यासारखी. आतला चौकोन जुन्या रंगाचा, मळकट, त्यावर हिरवा वेल.

"सोडायचंच तर नीट सोडावं," ते मला म्हणाले. 

मी हॉस्टेलला परतले. परीक्षेचा अभ्यास होता. आई दोन-तीन दिवसांनी बोलून पाठवायची. "आजून शेपट्याच हायेत." मग, "एका शेपटीला रंग दिसायलाय वाटतं, का मलाच दिसायलाय." मग काही दिवस काहीच नाही. मी विचारलंही नाही. विचारायची भीती वाटत होती.

जयंतीच्या आदल्या दिवशी मी घरी पोहोचले तेव्हा ऊन उतरत होतं. सगळी भिंत फुललेली नव्हती. खालच्या अर्ध्या भागात, सावली असते तिथं, अजून करड्या शेपट्याच होत्या आणि त्यातल्या काही वाळून गेल्या होत्या. वरचा अर्धा मात्र भरला होता. तुरे भिंतीवरून रस्त्याकडं झुकले होते. अक्कांच्या पत्र्यावरचा बहर तोवर उतरून तिथं नुसत्या फिक्या चांदण्या राहिल्या होत्या.

आई स्टुलावर चढून तुरे तोडत होती. मला बघून तिनं एक तुरा पुढं केला. "ह्याला निळं म्हणायचं का जांभळं?"

मी म्हटलं, "मधलं जांभळं. चांदणी निळी."

"मग मधलं गळू दे," ती म्हणाली आणि तुरा हलकेच झटकला.

अप्पा ओट्यावर बसले होते. आईनं स्टुलावरूनच विचारलं, "काय म्हणायलाव? उपटू का?"

"अर्धाच हाय," अप्पा म्हणाले.

"अर्धा उपटू?"

अप्पांनी मान वळवली, पण हसू आलेलं मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी फोटोंना झेंडूऐवजी ते तुरे घातले. ओवावे लागले नाहीत, तुरेच हारासारखे लांब होते. मिरवणूक दारापाशी आली. विहाराच्या कमिटीतले एक काका थांबले, चौकोनाकडं बघून म्हणाले, "काय मिस्त्री, तिथला रंग संपला का?"

"रंग घरात हाय," अप्पा म्हणाले. "येलाचं झाल्यावर देणार हाय."

काका पुढं गेले. दोघा-तिघांनी आईला तुरे मागितले. तिनं दिले. एका बाईनं विचारलं की हे कुठं मिळतं. आईनं माझ्याकडं बोट केलं.

तेव्हापासून आमच्या घराचा रंग दोनदा लागतो. बाकीचं घर जयंतीच्या आधी आणि तो चौकोन मे महिन्यात, वेल छाटून झाल्यावर. मेच्या उन्हात गल्लीत कुणी बघायला नसतं. तरीही अप्पा त्याला दोन हात मारतात. जिना त्यांनी दुसऱ्या बाजूनं काढला. तिथं एक वळण जास्त घ्यावं लागलं, आणि प्रत्येक वेळी वर जाताना ते त्या वळणावर कुणाला तरी ऐकू जाईल असं काहीतरी बोलतात.

पहिल्या छाटणीच्या वेळी मी कडगंचीलाच होते. आईनं फोन केला. "भितीवरचं कापून झालं. पर आक्का म्हणायल्यात, पत्र्यावरचं मी कापते, तुम्ही कामून चढता. कुठनं कापायचं ते पोरीला इचारून सांगा म्हणायल्यात."

मी वाचलेलं आठवून सांगितलं, यंदाच्या फांदीचे खालचे दोन-तीन डोळे ठेवायचे आणि वरचं काढायचं. सांगून झाल्यावर म्हटलं, "थांब, एकदा मॅडमना विचारून घेते."

"इचार," आई म्हणाली. पलीकडं ती कुणाला तरी मोठ्यानं सांगत होती, "आक्का, कोयता खाली ठेवा. पोरगी इचारायलीय."